रेशमावर कलम केलेली पॉलिमर: रचना आणि हालचाल कशी तपासावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे प्रश्न वस्त्रतंत्र, पॉलिमर रसायन आणि एनएमआर (अणूंच्या केंद्रकांचा चुंबकीय अनुनाद मोजण्याची पद्धत) शिकणाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा येतात. वेगळा उल्लेख नसेल तिथे 'रेशीम' म्हणजे तुतीचे, बॉम्बिक्स मोरीचे रेशीम समजावे. एनएमआर सिग्नलच्या जागांचे आकडे पीपीएममध्ये, टीएमएस (टेट्रामिथिलसिलेन हे संदर्भ-द्रव्य) मापावरचे आहेत.

१. रेशमावर पॉलिमर 'ग्राफ्ट' करतात म्हणजे नेमकं काय करतात? आणि कशासाठी?

ग्राफ्टिंग म्हणजे कलम. आंब्याच्या खोडावर दुसरी फांदी जोडतात, तशी फायब्रॉइन या प्रथिनाच्या साखळीवर कृत्रिम पॉलिमरची साखळी वाढवायची. रेशीम मोनोमरच्या (पॉलिमर साखळीच्या सुट्या कड्यांच्या) पाण्यात ठेवून गरम करतात आणि त्यात पर्सल्फेटसारखा इनिशिएटर, म्हणजे क्रिया सुरू करणारे रसायन, घालतात. मोनोमर धाग्यात शिरतो आणि तिथेच त्याचे पॉलिमर होते.

याचे मूळ व्यापारात आहे. कोषावरचा डिंक, म्हणजे सेरिसिन, काढला की रेशीम पाव हिश्शाने हलके होते आणि रेशीम विकले जाते वजनावर. ही घट भरून काढायला पूर्वी कथिलाचे क्षार चढवत. त्याने कापड जड होई, झुळझुळे, पण काही वर्षांत घडीवर फाटे. मिथॅक्रिलअमाइडचे ग्राफ्टिंग हा त्यावरचा सौम्य पर्याय. हायड्रॉक्सीएथिल मिथॅक्रिलेट (पुढे 'हेमा'), मिथिल मिथॅक्रिलेट आणि स्टायरीन हे मोनोमरही वापरले जातात. आता जखमेवरच्या पट्ट्या आणि ऊतींचे सांगाडे यांसाठीही हीच पद्धत आजमावली जाते. तिथे वजनापेक्षा पृष्ठभाग कसा वागतो याला महत्त्व आहे.

२. पॉलिमरचा अभ्यास करायचा आहे. मग रेशमाची स्वतःची रचना किती माहीत हवी?

बरीच, कारण पॉलिमर कुठे बसेल हे रेशीम ठरवते. फायब्रॉइनची जड साखळी सुमारे ३९० किलोडाल्टनची, ५,२६३ अमिनो आम्लांची. हलकी साखळी सुमारे २६ किलोडाल्टनची. जड साखळीत ग्लायसीन-अ‍ॅलनीन-ग्लायसीन-अ‍ॅलनीन-ग्लायसीन-सेरीन हा सहा जणांचा गट परत परत येतो. हे गट एकमेकांना चिकटून बीटा-पत्र्यांचे स्फटिक होतात. मार्श, कोरी आणि पॉलिंग यांनी १९५५ मध्ये ही रचना मांडली, तिला रेशीम-२ म्हणतात. कातण्यापूर्वी, किड्याच्या ग्रंथीत असतानाची रचना म्हणजे रेशीम-१. ती वळणावळणाची आहे हे तेत्सुओ असाकुरा यांच्या गटाने २००१ मध्ये घनावस्था एनएमआरने दाखवले.

स्फटिकात पाणीही नीट शिरत नाही, मग मोनोमर कुठून शिरणार? तो स्फटिकांमधल्या सैल, अव्यवस्थित भागात जातो. म्हणून कलम केलेल्या रेशमात फायब्रॉइनचे बीटा-पत्रे जवळपास होते तसेच राहतात. तुमच्या निकालात स्फटिक मोडलेले दिसले, तर ग्राफ्टिंगला दोष देण्याआधी आम्ल, तापमान आणि उकळण्याचा वेळ तपासा.

३. सेरिसिन काढताना किती उकळायचं?

०.०२ मोलर सोडियम कार्बोनेट (लिटरला २.१२ ग्रॅम), ३० मिनिटे उकळी, मग कोमट आणि थंड पाण्याने तीन वेळा धुणे. वजन २५ ते २८ टक्के घटले की काम झाले. घट २२ टक्क्यांवर थांबली तर सेरिसिन उरला आहे. तो मोनोमर शोषतो, धुताना निघून जातो आणि वजनाचा सगळा हिशेब बिघडवतो. उलट तासभर उकळले तर फायब्रॉइनच्या साखळ्या तुटतात, सैल टोके वाढतात आणि पुढे हालचालीच्या मापनात ती 'पॉलिमरमुळे मऊ झालेले रेशीम' म्हणून दिसतात. तुलनेच्या सगळ्या नमुन्यांसाठी एकाच घाण्यातले रेशीम घ्या.

४. ग्राफ्टिंगची भरवशाची कृती सांगा.

हेमासाठी ही कृती प्रयोगशाळेत नीट चालते:

कोरडे, डिंक काढलेले रेशीम ५ ग्रॅम. पाणी १०० मिलिलिटर, म्हणजे रेशमाच्या वीसपट. हेमा २.५ ग्रॅम. अमोनियम पर्सल्फेट ०.१ ग्रॅम. फॉर्मिक आम्ल थेंबाथेंबाने, पीएच ३ येईपर्यंत.

हेमाच्या बाटलीत साठवणीसाठी प्रतिबंधक घातलेला असतो, म्हणून मोनोमर आधी बेसिक अ‍ॅल्युमिनाच्या छोट्या स्तंभातून काढा. रेशीम पाण्यात बुडवून २० ते ३० मिनिटे नायट्रोजन सोडा. ऑक्सिजन उरला तर सुरुवातीची दहा-वीस मिनिटे काहीच घडत नाही, आणि प्रत्येक घाण्यात हा वेळ वेगळा येतो. मग मोनोमर आणि पर्सल्फेट घालून मिनिटाला २ अंश या गतीने ८० अंश सेल्सिअसपर्यंत न्या आणि तिथे ६० मिनिटे ठेवा. एकदम गरम केले तर मोनोमर आत पोचण्याआधी बाहेरच पॉलिमर होते. पाणी दुधाळ झाले तर हेच घडले असे समजा.

मिथिल मिथॅक्रिलेट आणि स्टायरीन पाण्यात फारसे विरघळत नाहीत. त्यांना नॉन-आयनिक साबण घालून इमल्शन करावे लागते आणि सतत ढवळावे लागते.

सोबत तीन जोड-नमुने तयार ठेवा: मोनोमरशिवाय त्याच कुंडातून काढलेले रेशीम, रेशमाशिवाय त्याच कुंडात केलेले पॉलिमर, आणि या दोघांचे त्याच प्रमाणातले कोरडे मिश्रण. हे तीन नसतील तर पुढचे निम्मे निष्कर्ष लटकतात. प्रश्न ११ मध्ये त्याचे कारण दिसेल.

५. वजन ३० टक्के वाढलं. म्हणजे नमुन्यात ३० टक्के पॉलिमर, बरोबर?

नाही. वजनवाढ मूळ रेशमावर मोजतात, पॉलिमरचे प्रमाण एकूण नमुन्यावर. ५.०० ग्रॅम रेशीम ग्राफ्टिंगनंतर ६.६० ग्रॅम झाले तर कच्ची वजनवाढ ३२ टक्के. सुटे पॉलिमर धुऊन काढल्यावर ६.४५ ग्रॅम उरले, तर खरी वजनवाढ २९ टक्के. पण नमुन्यात पॉलिमर १.४५ भागिले ६.४५, म्हणजे २२.५ टक्के.

हाच आकडा एनएमआरने पडताळता येतो. फायब्रॉइनच्या एका अमिनो आम्लाचे सरासरी वजन सुमारे ७४. म्हणजे ५ ग्रॅममध्ये ६७.६ मिलिमोल अमाइड कार्बोनिल. हेमाचे वजन १३०, म्हणजे ११.१ मिलिमोल एस्टर कार्बोनिल. एकूण कार्बोनिलपैकी १४ टक्के एस्टरचे यायला हवेत. यात मोठी तफावत निघाली तर वजनात किंवा मापनात घोळ आहे.

वजनातला सर्वांत मोठा घोळ ओलाव्याचा. ६५ टक्के सापेक्ष आर्द्रतेला रेशीम कोरड्या वजनाच्या सुमारे ११ टक्के पाणी धरते. आधीचे वजन ओव्हनमधून काढून आणि नंतरचे टेबलावर ठेवून घेतले, तर ग्राफ्टिंग न करताही ११ टक्के 'वाढ' मिळेल. दोन्ही वेळा १०५ अंशावर कोरडे करून, झाकणाच्या बाटलीत थंड करून, झाकणासह वजन करा.

६. सुटं पॉलिमर कशाने काढायचं? आम्ही दिवसभर धुतलं तरी वजन कमी होत नाही.

सोक्सलेटमध्ये (गरम द्रावक पुन्हा पुन्हा फिरवून धुणाऱ्या काचेच्या उपकरणात) २४ तास. मिथिल मिथॅक्रिलेटच्या पॉलिमरला अ‍ॅसिटोन, स्टायरीनच्याला टोल्यूइन, हेमाच्याला मिथेनॉल. मिथॅक्रिलअमाइडच्याला गरम पाणी पुरते. वजन दोन फेऱ्यांत स्थिर झाले की थांबा.

हेमाचे निघत नसेल तर मोनोमरची शुद्धता पाहा. बाजारातल्या हेमात एथिलीन ग्लायकॉल डायमिथॅक्रिलेट थोडे असतेच. त्याला दोन दुहेरी बंध असल्याने ते साखळ्यांना आडवे टाके घालते आणि पॉलिमर जाळे होऊन बसते. असे जाळे रेशमाला जोडलेले नसले तरी मिथेनॉलमध्ये विरघळत नाही. ते फक्त फुगते. म्हणजे 'धुऊन निघाले नाही, म्हणून ते ग्राफ्ट झाले' हे विधान हेमाच्या बाबतीत चालत नाही. ते छापलेले खूप ठिकाणी दिसते.

७. मग पॉलिमर रेशमाला खरंच रासायनिक बंधाने जोडलंय की नुसतं आत भरलंय, हे कसं ठरवायचं?

या विषयातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, आणि तोच सर्वांत जास्त टाळला जातो. पर्सल्फेट पद्धतीत बरेचसे पॉलिमर सैल भागातल्या पाण्यात तयार होते आणि स्फटिकांच्या जाळीत अडकून राहते. बंध असतात, पण किती, हे धरून चालता येत नाही.

मिथिल मिथॅक्रिलेट किंवा स्टायरीन असेल तर तपासणी अशी करा. प्रश्न ६ प्रमाणे धुतलेला नमुना ९.३ मोलर लिथियम ब्रोमाइडमध्ये ६० अंशावर ४ तास ठेवा. रेशीम विरघळते, पॉलिमर मागे उरते. ते गाळून, पाण्याने भरपूर धुऊन, अ‍ॅसिटोन किंवा टोल्यूइनमध्ये विरघळवा आणि मिथेनॉलमध्ये पुन्हा पाडा. दोन-तीनदा असे केल्यावरही इन्फ्रारेडमध्ये १,६२५ आणि १,५२० प्रति सेंटिमीटरच्या आसपास अमाइडच्या पट्ट्या दिसत असतील, तर प्रथिनाचा तुकडा पॉलिमरला धरून आहे. पुढे ६ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात ११० अंशावर २४ तास उकळून सुटलेली अमिनो आम्ले मोजली की बंधांचा अंदाज येतो. प्रश्न ४ मधले कोरडे मिश्रणही याच वाटेने न्या. त्यातही अमाइड उरत असेल तर तुमची धुलाई कमी पडते आहे.

हेमा आणि मिथॅक्रिलअमाइडला आम्लाची पायरी लावू नका. त्या आम्लात त्यांचे स्वतःचे एस्टर आणि अमाइड बंधच तुटतात.

बंध ठरवता आले नाहीत तर अहवालात 'ग्राफ्ट केलेले' ऐवजी 'आत पॉलिमर केलेले' असे लिहा.

८. घनावस्था एनएमआरसाठी नमुना कसा भरायचा? फिरवायचा वेग किती?

धागा कात्रीने १ ते २ मिलिमीटरचे तुकडे करून ४ मिलिमीटरच्या रोटरमध्ये (यंत्रात फिरणाऱ्या नळीत) घट्ट, समान दाबून भरा. लांब धागे एका बाजूला गोळा होतात आणि रोटर डुगडुगतो. गिरणीत दळू नका. घर्षणाच्या उष्णतेने आणि दाबाने सैल भागाची रचना बदलते.

वेगाचा हिशेब आधी कागदावर करा. ४०० मेगाहर्ट्झच्या यंत्रावर कार्बन-१३ची वारंवारता १००.६ मेगाहर्ट्झ. १२ किलोहर्ट्झला फिरवले की बाजूचे सिग्नल मूळ सिग्नलपासून ११९ पीपीएम अंतरावर पडतात. म्हणजे १७२ च्या अमाइडची सावली ५३ वर आणि १७८ च्या एस्टरची ५९ वर, नेमकी मिथॉक्सी आणि हायड्रॉक्सीएथिलच्या डोक्यावर. ८ किलोहर्ट्झला त्याच सावल्या ९२ आणि ९८ वर, मोकळ्या जागेत पडतात. तिथे दुसरी सावली १३ च्या आसपास येते, तेवढी लक्षात ठेवा. हळू फिरवणे इथे बरे.

अ‍ॅडमंटेन या प्रमाण पदार्थाने मोजपट्टी लावताना त्याच्या दोन सिग्नलांपैकी मोठा आकडा ३८.५ की ४०.५ घेतला ते लिहून ठेवा. पहिला टीएमएसचा, दुसरा प्रथिनवाल्यांच्या डीएसएस या संदर्भ-द्रव्याचा. या २ पीपीएमच्या फरकाने बीटा-पत्रा आणि वळण यांची ओळखच उलटीपालटी होते.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी बाहेरचा नमुना देत असाल तर वेग, मोजपट्टी आणि आर्द्रता या तीन गोष्टी नमुन्यासोबत लिहून द्या.

९. कोणता सिग्नल रेशमाचा आणि कोणता पॉलिमरचा?

रेशमाचे: ग्लायसीन कार्बोनिल १६९, अ‍ॅलनीन कार्बोनिल १७२, टायरोसीन १५५, १३० आणि ११५, सेरीनचा बीटा कार्बन ६४, अ‍ॅलनीनचा अल्फा ४९, ग्लायसीनचा अल्फा ४३. अ‍ॅलनीनचा मिथिल एकाच जागी येत नाही. बीटा-पत्र्याचे भाग २२ आणि १९ वर, अव्यवस्थित भाग १६.५ वर.

मिथॅक्रिलेटांचे: कार्बोनिल १७७ ते १७८, चतुर्थक कार्बन ४५, अल्फा-मिथिल १६ ते २२. मिथिल एस्टरचा मिथॉक्सी ५२ वर. हेमाचे दोन कार्बन ६७ आणि ६० वर.

अडचण लगेच दिसते. पॉलिमरचा मिथिल अ‍ॅलनीनच्या मिथिलखाली गाडला जातो, मिथॉक्सी अ‍ॅलनीनच्या अल्फाला खेटतो, हेमाचे दोन्ही सेरीनच्या आजूबाजूला. म्हणून १६ ते २२ च्या भागावरून रेशमाची रचना बदलली असे कधीच म्हणू नका. आधी शुद्ध पॉलिमरचा स्पेक्ट्रम प्रमाणात वजा करा. भरवशाचा सिग्नल १७८ चा. ४५ चा चतुर्थक ग्लायसीनला चिकटतो, पण डीकपलिंग (हायड्रोजनचा कार्बनवरचा प्रभाव दाबणे) ४० मायक्रोसेकंद बंद ठेवले की ग्लायसीनचा हायड्रोजनवाला कार्बन विझतो आणि चतुर्थक एकटा उरतो. पाच मिनिटांत बसवता येणारा हा प्रयोग बहुतेक जण करतच नाहीत.

१०. हालचाल म्हणजे काय मोजायचं? इतके टी-१, टी-२, टी-१-ऱ्हो का?

ही तिन्ही शिथिलीकरणाची, म्हणजे उत्तेजित केंद्रके पूर्ववत व्हायला लागणाऱ्या वेळाची, मापे. इतकी लागतात कारण हालचालींचे वेग वेगळे आणि प्रत्येक माप आपल्या वेगालाच कान देते. कार्बनचा टी-१ सेकंदाला १० कोटी ते १०० कोटी वेळा होणाऱ्या हालचालींना, म्हणजे मिथिल गटाच्या गिरकीला. टी-१-ऱ्हो दहा हजार ते लाखभर वेळा होणाऱ्या, म्हणजे साखळीच्या तुकड्याच्या डोलण्याला. ड्युटेरियमच्या रेषेचा आकार या दोन्हींमधला मोठा पट्टा दाखवतो. त्यासाठी ड्युटेरियम घातलेला मोनोमर विकत घ्यावा लागतो. जखडलेल्या कार्बन-ड्युटेरियम बंधाची दोन शिंगे सुमारे १२५ किलोहर्ट्झ अंतरावर येतात. मिथिल गिरक्या घेत असेल तर अंतर तिसऱ्या हिश्शावर, सुमारे ४० वर येते. साखळी सगळीकडे मोकळी हलत असेल तर शिंगे मिटून एक बारीक रेघ उरते.

पहिल्यांदाच करणाऱ्यांनी दोन स्पेक्ट्रम घ्यावेत. एक क्रॉस पोलरायझेशनचा (हायड्रोजनकडून कार्बनला चुंबकत्व देण्याच्या पद्धतीचा), १ मिलिसेकंद संपर्काचा. त्यात ताठ भाग उठून दिसतो. दुसरा थेट उत्तेजनाचा, २ ते ३ सेकंदांच्या विश्रांतीने. त्यात ताठ भाग मागे राहतो आणि हलता भाग दिसतो. पॉलिमर कोणत्या स्पेक्ट्रममध्ये जास्त ठळक दिसते यावरून निम्मे चित्र कळते. यातला कोणताही स्पेक्ट्रम प्रश्न ५ च्या हिशेबाला वापरू नका. तिथे थेट उत्तेजन आणि शंभर सेकंदांच्या पुढची विश्रांती लागते, कारण स्फटिकातल्या अल्फा कार्बनांचा टी-१ दहा-दहा सेकंदांचा असतो.

११. रेशीम आणि पॉलिमर दोघांचा हायड्रोजन टी-१-ऱ्हो सारखाच आला. म्हणजे दोघे एकजीव झालेत ना?

कदाचित. घन पॉलिमरमध्ये हायड्रोजनांची चुंबकीय स्थिती शेजाऱ्याकडे पसरत जाते. तिचा वेग मिलिसेकंदाला सुमारे ०.८ चौरस नॅनोमीटर. सहा गुणिले वेग गुणिले वेळ, त्याचे वर्गमूळ काढले की ५ मिलिसेकंदांच्या टी-१-ऱ्होसाठी अंतर साधारण ५ नॅनोमीटर येते. १ सेकंदाच्या टी-१ साठी जवळपास ७०. म्हणजे टी-१ एकच पण टी-१-ऱ्हो वेगवेगळे आले, तर पॉलिमरच्या गाठी ५ ते ७० नॅनोमीटरच्या दरम्यान आहेत असा अर्थ निघतो.

पण शुद्ध रेशीम आणि शुद्ध पॉलिमर यांचे टी-१-ऱ्हो मुळातच सारखे असतील, तर कोरड्या मिश्रणातही एकच आकडा येईल. म्हणून प्रश्न ४ मधले तीन जोड-नमुने. मिश्रणात दोन आकडे आणि कलमात एक, तरच एकजीव म्हणा. एकजीव झाले म्हणजे बंध झाला असे मात्र नाही. त्यासाठी प्रश्न ७.

१२. तोच नमुना, तेच यंत्र. तरी पावसाळ्यात वेगळे आकडे का येतात?

पाण्यामुळे. सैल भागात पाणी शिरले की तिथली साखळी हलायला लागते, क्रॉस पोलरायझेशनमधला तिचा सिग्नल उतरतो आणि रेशीम 'अधिक स्फटिकी' झाल्यासारखे दिसते. हेमाचे तर आणखी कठीण. त्याचे पॉलिमर पूर्ण भिजल्यावर एकूण वजनाच्या ४० टक्क्यांच्या आसपास पाणी धरते, आणि कोरडे असताना काचेसारखे असलेले पाण्यात मऊ होते.

नमुना ६० अंशावर निर्वातात कोरडा करून लगेच भरा. किंवा ठरलेल्या आर्द्रतेत आठवडाभर ठेवा: मिठाच्या संपृक्त द्रावणावर २५ अंशाला ७५ टक्के, मॅग्नेशियम नायट्रेटवर ५३ टक्के. रोटर भरण्याआधी आणि मोजल्यानंतर, दोन्ही वेळा वजन करा.

फिरण्यानेही रोटर तापतो. वेग वाढवला की तापमान पडद्यावरच्या आकड्यापेक्षा बरेच वर असते. लेड नायट्रेटने खरे तापमान मोजा. त्यातल्या शिशाचा सिग्नल अंशाला सुमारे ०.७५ पीपीएम सरकतो.

१३. एवढा एनएमआरचा खटाटोप कशाला? एक्स-रे आणि डीएससी (तापवताना उष्णतेतला बदल मोजणे) पुरत नाहीत का?

एक्स-रे स्फटिक शाबूत आहेत का एवढे सांगतो. तांब्याच्या किरणांवर २०.५ अंशाजवळचा सिग्नल जागेवर असेल तर आहेत. पॉलिमर अस्फटिक असल्याने त्याची पसरट टेकडी फक्त पार्श्वभूमी उंचावते. 'स्फटिकी टक्केवारी घटली' असे वाटते, पण ती घट पॉलिमर मिसळल्याने झालेली असते. प्रश्न ५ मधले प्रमाण वापरून ती दुरुस्त करा.

डीएससीत मिथिल मिथॅक्रिलेटच्या पॉलिमरचे काचसंक्रमण (काचेसारखे पॉलिमर मऊ होणे) १०५ अंशाजवळ शोधतात आणि सापडत नाही, कारण नेमके तिथेच रेशमातले पाणी उडत असते. १३० अंशापर्यंत तापवा, ५ मिनिटे थांबा, थंड करा आणि दुसऱ्या वेळी तापवतानाचा आलेख वाचा. तिथेही पायरी नसेल, तर पॉलिमर थोडे आहे किंवा रेशमात इतके बारीक पसरले आहे की त्याला स्वतःचे संक्रमण उरलेले नाही. हे दोन वेगळे करायला प्रश्न ११ कडेच यावे लागते.

१४. बंध नक्की हवा म्हणून एटीआरपीने (तांब्याच्या उत्प्रेरकाने साखळी नियंत्रितपणे वाढवण्याच्या पद्धतीने) ग्राफ्ट केलं. आता एनएमआरमध्ये सगळं पसरट येतंय.

तांबे राहिले आहे. एटीआरपीत सेरीन, टायरोसीन आणि लायसीनच्या गटांवर आधी ब्रोमोएस्टर बसवतात आणि तिथूनच साखळी वाढवतात, म्हणून बंधाची खात्री मोठी. पण उत्प्रेरक तांब्याचा, आणि त्याचे ऑक्सिडीकृत रूप अनुचुंबकीय. रेशमाचे अमाइड आणि टायरोसीन ते घट्ट धरतात. त्याने रेषा पसरतात आणि हायड्रोजनचा टी-१ कित्येक पटींनी घटतो, म्हणजे हालचाल वाढल्याचा आभास होतो. ०.०५ मोलर ईडीटीएच्या (धातू पकडणाऱ्या रसायनाच्या) पाण्यात, पीएच ८ ला, रात्रभर हलवत ठेवा आणि पाणी तीनदा बदला. नमुन्यावर निळसर-हिरवट झाक उरली असेल तर मोजायला बसूच नका.

१५. टसरवर हीच पद्धत चालेल का? आमच्याकडे भंडारा-गडचिरोलीचा टसर सहज मिळतो.

कृती चालेल, ओळख बदलेल. टसर अंथेरिया मायलिटाचा, ऐन आणि अर्जुनाच्या पानांवर वाढलेला. त्याच्या साखळीत अ‍ॅलनीनचे लांब पट्टे आहेत. त्यामुळे अ‍ॅलनीनचा मिथिल सिग्नल प्रचंड, आणि त्याखाली मिथॅक्रिलेटचा मिथिल शोधणे जवळपास अशक्य. शिवाय अल्फा-हेलिक्सचा वाटा १५ ते १६ वर येतो. तुतीच्या रेशमातला अव्यवस्थित भाग समजून तो चुकवू नका. टसरसाठी १७८ आणि चतुर्थक ४५ यांवरच विसंबा, किंवा स्टायरीन निवडा. त्याचा १४६ चा सिग्नल दोन्ही रेशमांत एकटा उभा राहतो.

टसरचा कोष टॅनिनमुळे कडक असतो आणि प्रश्न ३ ची ३० मिनिटे त्याला पुरत नाहीत. वेळ वाढवण्याऐवजी तीच प्रक्रिया ताज्या द्रावणात दुसऱ्यांदा करा आणि तुलनेचे टसरही तसेच दोनदा उकळा. जालन्याच्या बाजारातून आणलेले तुतीचे कोष एका मालिकेत आणि टसर दुसऱ्या मालिकेत ठेवा. दोन्ही एका आलेखावर मांडले तर फरक पॉलिमरचा की किड्याचा, हे सांगता येत नाही.